नेत्यांच्या टीव्ही मुलाखती बघून तुमचं मत कधी बदललंय का?

मुक्ता_पेठकर (14 नोव्हेंबर 2024)

20 तारखेला मतदान. दिवाळी संपल्यापासून आमच्याकडे संध्याकाळी टीव्हीवर मालिका बंद आणि फक्त मुलाखती चालू. शिंदे झाले, फडणवीस झाले, पवार काका-पुतणे दोघं झाले, उद्धव ठाकरे, राज ठाकरे, कोणी सुटलं नाही. कोणाची चालत्या गाडीत, कोणाची हेलिकॉप्टरमध्ये, कोणाची नाश्ता करता करता. सासरे रिमोट सोडत नाहीत आणि जाहिराती लागल्या की दुसऱ्या चॅनेलवर दुसरी मुलाखत.

मला एक गोष्ट सारखी खटकतेय. मुलाखत संपली की घरात जी चर्चा होते ती "कसा बोलला" याची. काय गप्प केलं बघ अँकरला, किती शांतपणे उत्तर दिलं, आज चेहरा पडलेला वाटला. काय बोलला हे विचारलं तर कोणाला धड सांगता येत नाही, अगदी दहा मिनिटांनी सुद्धा. मी स्वतः एका मुलाखतीनंतर आठवून बघितलं तर मला फक्त लाडक्या बहिणीचे 2100 आणि समोरच्यांचे 3000 एवढंच आठवलं, पैसे कुठून आणणार हे विचारलं होतं का तेच आठवेना.

तर दोन प्रश्न. एक, मुलाखत बघून तुमचं मत खरंच कधी बदललंय का, आणि बदललं असेल तर कशामुळे? दोन, उत्तर टाळलं म्हणून अँकरने तोच प्रश्न पुन्हा विचारला असं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

निवांत_नाना

नाही बदललं, उलट जे होतं ते पक्कं होतं. ज्याला मत द्यायचं ठरलंय तो बोलला की मुद्देसूद वाटतं, समोरचा बोलला की बनवाबनवी. घरोघरी हेच.

टिवल्याबावल्या

मत नाही बदललं. चॅनेल बदललं :)

सुलभा_नाशिक

मुक्ता, "कसा बोलला" याला इतकं कमी लेखू नकोस गं. आमच्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत, तिला पेपरातलं राजकारण नीट वाचता येत नाही पण मुलाखत ती फार लक्ष देऊन बघते आणि मध्येच म्हणते, "हा आता खोटं बोलतोय, बघ पाणी प्यायला." बरोबर ओळखते का माहीत नाही, पण ज्या बाईला जाहीरनामे वाचता येत नाहीत तिने माणूस बघून मत बनवलं तर त्यात चूक काय? माणूसच तर निवडून द्यायचाय.

सोयाबीनवाला_लातूर

सुलभाताई तुमचं पटतंय पण आमच्याकडची परिस्थिती ऐका. सोयाबीनचा हमीभाव 4892. मोंढ्यात मिळतोय चार हजार ते सव्वाचारच्या आसपास. म्हणजे क्विंटलमागे साडेसहाशे ते नऊशे रुपये तिथंच गेले. सरकारी खरेदी केंद्रावर जावं तर आधी ऑनलाइन नोंदणी, सातबारा, पीक पेरा, आधार, पासबुक सगळं द्या, मग मेसेज येणार, मग माल घेऊन जायचा आणि तिथं मशीन लावून सांगणार ओलावा 12 टक्क्यांच्या वर आहे, परत न्या. ऑक्टोबरात पाऊस झालेला, मालाला ओलावा असणारच की. ट्रॅक्टरचं भाडं अंगावर.

आता एक युती म्हणते सहा हजार देऊ, दुसरी आघाडी म्हणते सात हजार देऊ. आम्ही आडतीवर बसून मोबाईलवर मुलाखत बघत होतो, चांगली पंधरा-वीस माणसं एका फोनभोवती. सगळे वाट बघत होते की अँकर आता विचारेल, साहेब सहा हजाराचं पुढच्या हंगामाचं सांगताय, पण या वर्षीचा माल हमीभावाने तरी कधी घेणार, ओलाव्याची अट कधी काढणार. सोयाबीनवर प्रश्न आला, उत्तर आलं "शेतकऱ्यांच्या पाठीशी आम्ही ठाम उभे आहोत", आणि अँकर लगेच दुसरीकडं, तुमचे यांच्याशी संबंध कसे आहेत, त्यांनी तुम्हाला असं म्हटलं त्यावर काय म्हणाल. पुढं दहा मिनिटं तेच. आमच्यातले निम्मे उठून गेले. चेहरा कसा होता त्याकडं कोणाचं लक्षच नव्हतं.

मुक्ता_पेठकर

दादा, नेमकं हेच म्हणायचं होतं मला. तुमचा ओलाव्याचा प्रश्न पुण्यात बसलेल्या मला माहीतही नव्हता. तो टीव्हीवर विचारला गेला असता तर मलाही कळला असता.

कॅमेऱ्यामागचा

मी बरीच वर्षं मराठी न्यूज चॅनेलमध्ये कॅमेरा केलाय, आता सोडलं. कोणत्या ते सांगत नाही कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच आहे. तुम्हाला घरी दिसत नाही ते सांगतो.

मोठ्या नेत्याची वन टू वन मिळवायला निवडणुकीत पंधरा चॅनेलं रांगेत असतात. वेळ ठरते पीए बरोबर. पीए विचारतो, साधारण विषय काय काय आहेत? हे विचारण्यात गैर काही नाही, नेत्याला तयारी करावी लागते. पण विषय सांगता सांगता मग अमुक विषय नको, तमुक केस कोर्टात आहे ती नको, असं होत होत यादी लहान होते. मग आम्ही बंगल्यावर पोचतो. सांगितलेलं असतं चाळीस मिनिटं, प्रत्यक्षात साहेब येतात उशिरा, बाहेर कार्यकर्ते, सभेला हेलिकॉप्टर अंधाराच्या आत उडायला पाहिजे. लेपल माईक शर्टाला लावेपर्यंत पीए घड्याळ दाखवतो, फक्त पंधरा मिनिटं. कॅमेऱ्याच्या मागे, माझ्या खांद्यापाशीच तो उभा राहतो आणि अडचणीचा प्रश्न आला की हातानेच खूण करतो, आवरा. अँकरला तो समोर दिसत असतो, तुम्हाला दिसत नाही.

आता अशा पंधरा मिनिटांत अँकरने आठ विषय घ्यायचे असतात कारण प्रत्येक विषयाचा वेगळा तुकडा कापून यूट्यूबवर जाणार. एकाच प्रश्नाला पाच मिनिटं खिळून बसला तर बाकीचे तुकडे गेले. आणि भांडणाच्या प्रश्नावर व्ह्यूज येतात हे तर आकड्यातच दिसतं. सोयाबीनच्या तुकड्याला हजारभर, "यांनी त्यांना काय म्हटलं" याला लाखात. वरून विचारणा होते ना कोणता तुकडा चालला.

गाडीतली मुलाखत का वाढली तेही सांगतो. नेत्याचा प्रवासाचा वेळ तसाही रिकामा असतो, दोन छोटे कॅमेरे डॅशबोर्डला चिकटवले की काम झालं. शिवाय बाहेर गर्दी, हार, फुलं, काच खाली करून हात हलवणं हे सगळं फुकट चित्रात येतं. प्रचारच असतो तो, आम्ही त्याला मुलाखत म्हणतो.

चांगले अँकर नसतात असं नाही. मी अशा एका बरोबर काम केलंय जो जुनी आकडेवारी कागदावर लिहून मांडीवर ठेवायचा आणि उत्तर टाळलं की कागद उचलायचा. पण त्याला दुसऱ्या वेळी त्या नेत्याची मुलाखत मिळाली नाही, दुसऱ्याला मिळाली. हे सगळ्यात मोठं कारण आहे. कडक विचारलं की पुढच्या वेळी दार बंद.

निवांत_नाना

कॅमेरेवाले, फार महत्त्वाचं लिहिलंत. यावरून आठवलं, 2007 ला पत्रकार करण थापरच्या मुलाखतीतून मोदी उठून गेले होते. गुजरातची निवडणूक तोंडावर होती. 2002 च्या दंगलींचा विषय निघाला, पाणी मागितलं, आणि तीन-चार मिनिटांत माईक काढून निघाले. चॅनेलने ती क्लिप कितीतरी वेळा दाखवली. आम्हाला वाटलं आता याचा परिणाम होणार. डिसेंबरात निकाल लागला, भाजपला 182 पैकी 117 जागा. तेव्हापासून माझा मुलाखतींवरचा विश्वास उडाला, म्हणजे त्याने मतं हलतात यावरचा.

थेम्सकाठी

नानांना दुजोरा. मी इंग्लंडमध्ये असतो, इथे मुलाखतीची परंपरा फार कडक समजली जाते. 2019 च्या निवडणुकीत बीबीसीवर अँड्र्यू नीलने एकेका पक्षाच्या नेत्याला अर्धा-अर्धा तास घेतलं. मजूर पक्षाचा नेता कॉर्बिनला पक्षातल्या ज्यूद्वेषाबद्दल ज्यू समाजाची माफी मागणार का हे पुन्हा पुन्हा विचारलं, दुसरे विषय बाजूला ठेवून. मुक्तांनी विचारलंय ना तोच प्रश्न पुन्हा विचारणं, ते असं असतं. कॉर्बिनची अवस्था बघवत नव्हती. पंतप्रधान बोरिस जॉन्सन आलेच नाहीत. तारीख द्यायचंच टाळत राहिले. शेवटी नीलने कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की ते आले असते तर मी हे हे विचारलं असतं, आणि एकेक प्रश्न वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी तेच.

12 डिसेंबरला मतदान झालं आणि जॉन्सनना 365 जागा, दणदणीत बहुमत. न येण्याची काही किंमत मोजावी लागली नाही. जो येऊन बसला त्याचंच नुकसान झालं.

टिवल्याबावल्या

म्हणजे मुलाखत न देणं हीच सगळ्यात चांगली मुलाखत

अनघा_डोंबिवली

हे मला 2014 च्या राहुल गांधींच्या बाबतीत वाटतं. जानेवारीत अर्णब गोस्वामींसमोर तासाभराहून जास्त बसले. कुठलाही प्रश्न आला तरी माहितीचा अधिकार आणि महिला सक्षमीकरण. आमच्या लोकलच्या डब्यात त्यावर महिनाभर विनोद चालले होते, मी पण हसले असेन. आणि माझं मत त्या मुलाखतीने खरोखर बदललं, म्हणून लिहितेय. मी कुंपणावर होते. मला वाटलं ज्या माणसाला साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत नाही तो देश कसा चालवणार. मुक्ता, तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडून एक "हो" घे.

पण नंतर एक लक्षात आलं की प्रश्न टाळायचे ते सगळेच टाळतात. ज्यांना सफाईने टाळता येतं ते आपल्याला हुशार वाटतात. 17 मे 2019 ला पंतप्रधान अमित शहांबरोबर पत्रकार परिषदेला आले, आणि प्रश्न आला की तो शहांकडे. एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः दिलं नाही. तेव्हा आमच्या डब्यात कोणी महिनाभर हसलं नाही.

देशभक्त_मिरज

अनघा ताई एकतर्फी होतंय. पंतप्रधानांनी 2019 मध्ये आणि या वर्षी लोकसभेलाही भरपूर मुलाखती दिल्यात. अक्षयकुमारची मुलाखत तर अख्ख्या देशाने बघितली.

अनघा_डोंबिवली

ती 24 एप्रिलला आली, आमच्याकडे 29 ला मतदान. आंबा कसा खाता विचारलं होतं. दिल्यात ते मान्य, प्रश्न काय विचारले हा आपला विषय आहे ना?

सुलभा_नाशिक

थांबा थांबा. ती मुलाखत आमच्या आईला फार आवडली होती. गरिबीतलं लहानपण, आईबद्दल बोलले, राग आला तर काय करता. तिला तो माणूस कळल्यासारखा वाटला. तुम्ही आंब्यावरून थट्टा करता पण साध्या माणसाला साध्या प्रश्नांतूनच नेता जवळचा वाटतो. शिवाय ती गैरराजकीय मुलाखत आहे असं आधीच सांगितलं होतं, फसवणूक कुठे आहे?

अनघा_डोंबिवली

सुलभाताई, आईंना आवडली याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण मतदान पाच दिवसांवर असताना देशाच्या पंतप्रधानाची मुलाखत गैरराजकीय कशी असेल? नोटाबंदीबद्दल, बेरोजगारीबद्दल विचारायचा तो वेळ होता. तो वेळ लोकांचा होता.

बार्देसकर

गोव्याहून लिहितोय, आमच्याकडचं थोडं वेगळं दुखणं. आमचे उमेदवार मुलाखतीत सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, छान देतात, आणि निवडून आले की उलट करतात. 2017 ला गोवा फॉरवर्ड पक्षाने सगळा प्रचार भाजपविरोधात केला, मुलाखतीत तेच, तीन आमदार आले आणि निकालानंतर भाजपबरोबर सरकारात. 2022 ला काँग्रेसने लोकांचा विश्वास बसावा म्हणून उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी देवळात, बांबोळीच्या क्रॉसकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या की पक्ष सोडणार नाही. फेब्रुवारीत मतदान, सप्टेंबरात 11 पैकी 8 आमदार भाजपात. देवासमोरची शपथ टिकत नाही तिथे कॅमेऱ्यासमोरचा शब्द काय टिकणार सांगा. मत बदलायचा प्रश्नच नाही, आम्ही मत देतो आणि तेच मत बदलून घेतात.

निवांत_नाना

बार्देसकर, महाराष्ट्राने तुम्हाला आता मागे टाकलंय. राष्ट्रवादीशी युती कधीच करणार नाही हे फडणवीसांचं जुनं उत्तर अजून फोनवर फिरतंय, 2019 च्या पहाटेच्या शपथविधीला फिरलं, 2023 च्या जुलैत पुन्हा फिरलं. आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या विरोधात मुलाखती दिल्या ती शिवसेना आणि काँग्रेस एकत्र. लोक नुसतं बघत बसलेत.

वकील_सोलापूर

जुन्या क्लिपांचा विषय निघाला म्हणून. 2019 लोकसभेला राज ठाकरेंनी भाजपविरोधात "लाव रे तो व्हिडिओ" केलं ते आठवतंय ना? मनसेचा एकही उमेदवार नाही आणि सभांना मैदानं भरलेली. जे काम अँकरने करायला हवं होतं, म्हणजे आधी काय बोलला होतात ते दाखवून आता काय म्हणता विचारणं, ते एका नेत्याने सभेच्या स्टेजवर केलं. मेळघाटातल्या हरिसालच्या डिजिटल गावाच्या जाहिरातीतला तरुणच स्टेजवर उभा केला. मी सोलापूरची सभा जाऊन पाहिली, लोक अक्षरशः पिन पडली तरी ऐकू येईल असे ऐकत होते.

निकाल काय? 48 पैकी 41 भाजप-शिवसेना युतीला. तरीही मी त्याला वाया गेलं म्हणणार नाही. त्या सभांनंतर आमच्या बाररूममध्ये पहिल्यांदा लोक नेत्याच्या जुन्या विधानाची तारीख विचारायला लागले. एका निवडणुकीत मत बदलत नाही, पण ऐकायची सवय बदलते.

थेम्सकाठी

वकीलसाहेब, "सवय बदलते" हे मान्य. पण नेत्याने नेत्याला प्रश्न विचारणं वेगळं. 21 फेब्रुवारी 2018 ला पुण्यात राज ठाकरेंनीच शरद पवारांची मुलाखत घेतली होती, मी इथून रात्री जागून पाहिली. रंगली खूप. "उद्धव की राज" विचारलं आणि पवार म्हणाले "ठाकरे कुटुंबीय", टाळ्याच टाळ्या. आरक्षण आर्थिक निकषावर असावं हे मत पवारांनी त्यातच मांडलं, खरी बातमी ती होती, पण त्यावर पुढचा प्रश्न नाही. मुलाखत घेणाराच राजकारणात असला की त्याचंही काहीतरी पुढे-मागे असतं. पक्षाच्या मुखपत्रातली मुलाखत पक्षाच्याच खासदाराने घ्यायची हे तर आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे आणि इतर चॅनेलं तीच दिवसभर चालवतात.

मुक्ता_पेठकर (16 नोव्हेंबर)

खूप छान लिहिताय सगळे. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र अजून महाराष्ट्रातलं उदाहरण आलं नाही.

अनघा_डोंबिवली

आहे की, याच आठवड्यातलं. अजितदादांनी एका वेबसाइटच्या मुलाखतीत सांगितलं की 2019 ला भाजप-राष्ट्रवादीची जी बोलणी झाली त्या बैठकीला गौतम अदानी हजर होते. ते असं सहज बोलून गेले नाहीत, मुलाखत घेणारा त्या पहाटेच्या शपथविधीवर खिळून राहिला, कोण होतं, कुठे होतं, पुढे काय झालं. दोन दिवसांत दादांनी घूमजाव केलं ते वेगळं. पण एवढ्या वर्षांत इतक्या चॅनेलांवर त्यांच्या इतक्या मुलाखती झाल्या, हे तिथे का नाही निघालं? कारण एका विषयावर कोणी थांबलंच नाही.

देशभक्त_मिरज

हे पटलं. पक्ष कोणताही असो, प्रश्न पूर्ण व्हायला हवा. मला पैशाचा प्रश्न विचारायचाय. लाडक्या बहिणीला 1500 प्रमाणे वर्षाला 46 हजार कोटी लागतात असं अर्थसंकल्पातच सांगितलं होतं. आता गुणाकार करा. अडीच कोटी बहिणी धरल्या तर 2100 ने वर्षाला 63 हजार कोटी होतात, 3000 ने 90 हजार कोटी. मी ज्यांना मत देणार त्यांनाही हा प्रश्न विचारलेला मला बघायचाय. प्रत्येक मुलाखतीत एवढंच होतं की "पैसे कुठून आणणार?", "आम्ही नियोजन केलंय", "धन्यवाद". कुठलं खातं कापणार, कर्ज किती काढणार, कर कोणता वाढवणार, विचारा ना.

सुलभा_नाशिक

मिरजकर, हा प्रश्न विचारा, जरूर विचारा, पण बायकांना पैसे मिळतात म्हटलं की लगेच तिजोरी आठवते असं होऊ देऊ नका. आमच्या शेजारणीने त्या पैशांतून शिलाई मशीन दुरुस्त करून घेतलं आणि ब्लाऊज शिवायला लागली. तिला पण मुलाखतीत विचारायचाय तिचा प्रश्न, की निवडणूक झाल्यावर हे चालू राहणार का आणि अटी लावून नावं कापणार का. तोही कोणी विचारला नाही.

देशभक्त_मिरज

ताई हा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला आहे. खरंच.

दूरदर्शनप्रेमी

मला जुनी पद्धत आठवते, आणि ती अजून चालू आहे हे बऱ्याच जणांना माहीत नाही. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना निवडणुकीत फुकट वेळ मिळतो. मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीवर किती मिनिटं ते ठरतं, कोण कधी बोलणार ते चिठ्ठ्या टाकून. भाषण आधी लिहून द्यावं लागतं, ते तपासतात, कुठल्या धर्माविरुद्ध किंवा हिंसा भडकवणारं काही चालत नाही. रंगत नसते, मान्य. पण पक्षाला काय करायचंय ते ओळीने ऐकायला मिळतं, मध्ये कोणी ओरडत नाही. सह्याद्रीवर लागतं, बघा एकदा.

टिवल्याबावल्या

बघितलं. वडील पहिल्या पक्षाला झोपले, दुसऱ्या पक्षाला उठले आणि म्हणाले हाच अजून बोलतोय का

वकील_सोलापूर

हाहा. बरं, वेळेवरून आठवलं, सोमवारी 18 तारखेला संध्याकाळी सहाला प्रचार थांबतोय. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 126. मतदान संपायच्या आधीचे 48 तास टीव्हीवर निवडणुकीचा मजकूर दाखवता येत नाही. डिसेंबर 2017 ला गुजरातच्या दुसऱ्या टप्प्याच्या आदल्या दिवशी राहुल गांधींची मुलाखत गुजराती चॅनेलांवर दाखवली, तेव्हा निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढली आणि चॅनेलांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं, पुढे ती नोटीस मागे घेतली. अडचण अशी की कायद्यात टीव्हीचं नाव आहे, यूट्यूबचं नाव घेऊन काही लिहिलेलं नाही, आणि आधी टाकलेली मुलाखत तर लोकांच्या फोनमध्ये असतेच. त्यामुळे या 48 तासांत जे तुकडे फिरतात ते सगळ्यात जास्त फिरतात. मागचं-पुढचं काढलेले. तेव्हा क्लिप आली तर पूर्ण मुलाखत शोधून बघा एवढंच सांगतो.

सोयाबीनवाला_लातूर (16 नोव्हेंबर)

एक बातमी. काल केंद्राचा आदेश निघाला, ओलावा 12 ऐवजी 15 टक्क्यांपर्यंत चालणार. मतदानाच्या पाच दिवस आधी. ज्यांनी दिवाळीच्या आधी पडेल भावात माल घातला त्यांचं काय हा प्रश्न राहतोच, आमच्या गावात निम्म्यांनी घातला, पोरांच्या फीला आणि सणाला पैसे लागत होते. पण बरं झालं. आता विचारायचं ते बारदान्याचं. केंद्रावर पोती नाहीत म्हणून माप बंद, रांगेत ट्रॅक्टर उभे.

उद्या आमच्या तालुक्याच्या यूट्यूब चॅनेलवर एका उमेदवाराची लाइव्ह मुलाखत आहे. नाव लिहीत नाही, इथं प्रचार नको. कॉमेंटमधून प्रश्न घेतात म्हणे. काय विचारू सांगा.

कॅमेऱ्यामागचा

दादा, "शेतकऱ्यांसाठी काय करणार" असं अजिबात विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. ज्याचं उत्तर आकडा, तारीख किंवा हो-नाही असंच येऊ शकतं असा प्रश्न टाका. केंद्राचं नाव घाला. आणि एकट्याने टाकू नका, टाळलं की बाकीच्यांनी तोच परत टाकायचा. अँकरवर पीएचा दबाव असतो तसा प्रेक्षकांचाही येऊ शकतो, लाइव्हमध्ये तर लगेच येतो.

अनघा_डोंबिवली

आणि कृपा करून वेळ लिहून ठेवा म्हणजे आम्हाला बघता येईल.

मुक्ता_पेठकर

सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, आमच्या वॉर्डाच्या पाण्याचं पण असंच विचारायला पाहिजे, टँकरचे पैसे सोसायटी भरते. गेल्या पाच वर्षांतल्या मुलाखती काढून बसलेत आता, आमदारांनी पाण्याची कोणती तारीख दिली होती ते शोधतायत. आज टीव्ही बंद आहे घरात.

सोयाबीनवाला_लातूर (17 नोव्हेंबर, रात्री)

झाली मुलाखत. प्रश्न टाकला: "आपल्या केंद्रावर बारदाना नसल्याने माप बंद आहे, कोणत्या तारखेला येणार आणि आला नाही तर तुम्ही काय करणार?" अँकरने वाचला. उमेदवार म्हणाले माहिती घेऊन सांगतो, सरकार शेतकऱ्यांच्या पाठीशी आहे. अँकर पुढच्या प्रश्नावर गेला. मग आमच्या आडतीवरच्या सगळ्यांनी एकापाठोपाठ तोच प्रश्न टाकायला सुरुवात केली, शेजारच्या गावातले पण लागले, दुसरं काही दिसेना कॉमेंटमध्ये. अँकर जरा वेळ थांबला आणि म्हणाला, साहेब लोक तेच विचारतायत, मला परत घ्यावा लागेल. मग त्यांनी तिथंच बसून कोणाला तरी फोन लावला, दोन मिनिटं फोनवर बोलले, आणि कॅमेऱ्याकडं बघून सांगितलं की बारदाना गुरुवारपर्यंत येईल, नाही आला तर मी स्वतः केंद्रावर येतो.

येईल का नाही ते गुरुवारी कळेल. तोवर मतदान होऊन गेलेलं असेल हे आम्हाला पण कळतंय. पण तारीख मिळाली, रेकॉर्ड आहे.

निवांत_नाना

मत बदललं का कोणाचं?

सोयाबीनवाला_लातूर

नाना, आमच्यात दोघंतिघं म्हणाले की फोन लावला म्हणून देतो मत. एकजण म्हणाला दुसरा उमेदवार पण बोलवा आणि त्याला पण हेच विचारा, मग ठरवू. उद्या सहाच्या आत जमतंय का बघतोय चॅनेलवाला.

अनघा_डोंबिवली

लिंक द्या दादा.

सोयाबीनवाला_लातूर

खाजगी मेसेजमध्ये पाठवली, इथं टाकली तर प्रचार होईल. सुरुवातीचे सत्कार-बित्कार सोडा, 38 व्या मिनिटापासून बघा.